माळवदाखालची झोप

दहा बाय दहा फुटांची एक खोली घ्या आणि तिच्या माळवदावर एक फूट मातीचा थर आहे असं धरा. शंभर घनफूट, म्हणजे बरोबर एक ब्रास माती झाली. वजन साडेचार ते पाच टन. आमच्या वाड्याच्या मागच्या सोप्यावर हा थर दोन फुटांच्या वर गेला आहे आणि त्या सोप्यात 1993 च्या भूकंपापासून कोणीही झोपलेलं नाही.

औसा तालुक्यातल्या या वाड्याची मी सून. दगडी चौकटीचा दरवाजा, आत ढेलज, मग चौक, चौकाच्या दोन अंगांना सोपे, कोपऱ्यात आड, जाड भिंतीच्या पोटात धान्याचं बळद. ढेलज आणि पुढचा सोपा सागाच्या खांबांवर उभा आहे. मागचा सोपा नंतरच्या पिढीनं वाढवलेला, तिथे कड्या थेट भिंतीवर टेकवल्या आहेत. हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरतो. माझे सासरे, ज्यांना सगळं गाव अण्णा म्हणतं, वाड्याला लागून बांधलेल्या पत्र्याच्या दोन खोल्यांत राहतात आणि वाड्यात सोयाबीनची पोती, अवजारं, जुनी भांडी राहतात.

आम्ही नवराबायको लेकरांना घेऊन लातूरहून गावी परत यायचं ठरवलं आणि प्रश्न उभा राहिला : वाडा पाडून स्लॅबचं घर बांधायचं, की वाडाच दुरुस्त करून राहायचं? अण्णा म्हणतात, पाडा. माझी चुलत नणंद, आमची ताई, सिव्हिल इंजिनिअर आहे, पुण्यात जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते. ती म्हणते, राखा. आमच्या भागात घरोघरी हा वाद आहे आणि बहुतेक ठिकाणी तो नीट ऐकून घेण्याआधीच जेसीबी दारात येतो. म्हणून या दोघांचं बोलणं मी जमेल तसं उतरवून ठेवलं.

अण्णा : घर जुनं आहे म्हणून मी पाडा म्हणत नाही. ते माणसं मारतं म्हणून सांगायलोय. 30 सप्टेंबर 1993, पहाटेचे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. गणपती बोळवून माणसं दमून झोपली होती. उजाडल्यावर आम्ही ट्रॅक्टर घेऊन किल्लारीला गेलो. गल्ली कुठली आणि घर कुठलं, काही ओळखू येत नव्हतं. कितीतरी माणसांच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. नाकातोंडात माती. ती माती आभाळातनं नव्हती पडली. प्रत्येकानं आपल्या हातानं आपल्या डोक्यावर चढवून ठेवलेली होती. सुमारे आठ हजार माणसं गेली, पोरी.

ताई : त्या मातीबद्दल तुमचं आणि माझं एकमत आहे, अण्णा. वाद त्याच्या पुढचा आहे. मला सांगा, माळवद पहिल्यापासून एवढं जाड होतं का?

अण्णा : नव्हतं. माझ्या आज्यानं बांधलं तेव्हा वीतभर असेल. दर साली मृगाच्या आधी वर पांढरी माती टाकायची. गळलं की टाक, गळलं की टाक. जुनी कोण काढतंय?

ताई : म्हणजे वीतभराचं सव्वादोन फूट झालं. वजन तिप्पट. खालच्या तुळया मात्र त्याच, कड्या त्याच, किलच तोच आणि वय शंभरीकडे. भूकंपात घराला बसणारा हिसका घराच्या वजनाच्या प्रमाणात असतो. जमीन हलते, वरचं वजन आहे तिथंच राहू बघतं आणि ती सगळी ओढाताण मधल्या भिंतींना सोसावी लागते. वर जितकं जास्त लादाल तितकी भिंत लवकर जाते. तुमच्या आज्यानं बांधलेलं घर वेगळं होतं. आज उभं आहे ते तीन पिढ्यांच्या डागडुजीनं जड केलेलं घर आहे.

अण्णा : आणि भिंती? अडीच हात जाड भिंती होत्या किल्लारीत. वाटायचं तोफेनं पडणार नाहीत. पत्त्यासारख्या गेल्या.

ताई : जाड होत्या म्हणूनच गेल्या. ती एक भिंत नसतेच, अण्णा. बाहेरून एक दगडी पडदा, आतून एक दगडी पडदा आणि मध्ये खडी-मातीची भर. दोन्ही पडद्यांना बांधणारा आरपार दगड नसला, तर हादऱ्यानं फुगलेल्या भाकरीचे पापुद्रे सुटावेत तशी बाहेरची बाजू बाहेर आणि आतली आत पडते. भारतीय मानक ब्युरोचं आयएस 13828 हे मानक 1993 सालचंच आहे. मातीत रचलेल्या दगडी भिंतीसारख्या कमजोर बांधकामासाठी काढलेलं. ते सांगतं, भिंत दीड फुटाहून जाड नको. उंचीत दर दोन फुटांवर आणि आडव्या अंगानं दर चार फुटांवर एक आरपार दगड हवा. आपल्याकडे नेमकं उलटं मानलं गेलं. जाड तितकी मजबूत.

अण्णा : बरं, नवी भिंत असती तर घातले असते दगड. आता उभ्या भिंतीत कुठनं घालणार?

ताई : भिंत सांभाळून उकरायची, आरपार भोक पाडायचं, त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचं. झाला आरपार दगड. खिडक्या-दारांच्या माथ्यावरून घराला चहूबाजूंनी जाळीचा पट्टा बांधायचा. खांब आणि तुळई जिथं मिळतात तिथं लाकडी तिरके आधार ठोकायचे, म्हणजे चौकट एका अंगाला कलत नाही. आणि या सगळ्याच्या आधी माळवदावरची जादा माती खाली आणायची. हे काही मी शोधलेलं नाही. भूकंपानंतर सरकारनं दुरुस्तीचा जो कार्यक्रम काढला, त्यात हेच उपाय सांगितले होते.

अण्णा : मला माहीत आहे. त्या दुरुस्तीचे पैसे आपल्याही गावाला आले होते. भिंतीला कुणी हात लावला? प्रत्येकानं त्या पैशात बाजूला नवी खोली काढली. मीसुद्धा. या बसलोय त्याच खोल्या.

इथे मला थांबावंसं वाटतं, कारण या एका वाक्यात आमच्या भागाचा तीस वर्षांचा इतिहास आहे. शास्त्र चुकीचं नव्हतं, पैसेही आले होते. पण ज्यानं त्या मातीतून शेजारी उकरून काढला, त्याला कोणी येऊन सांगणार की भिंतीत वीस भोकं पाडली की ही भिंत आता तुला मारणार नाही, आणि तो रात्री निवांत तिच्याखाली पाठ टेकणार, असं होत नाही. लोकांचा दगडावरचा विश्वास उडाला होता. त्या विश्वासाची दुरुस्ती कुठल्याच कार्यक्रमात नव्हती. ज्या 52 गावांचं पूर्ण पुनर्वसन झालं, तिथे जमिनीच्या हिशेबानं 250, 450 आणि 750 चौरस फुटांची नवी घरं मिळाली. रुंद, सरळ रस्ते आले. त्या घरांत बैल कुठे बांधायचे, कडबा कुठे रचायचा, याचा विचार कमी पडला आणि लोकांनी भोवतीनं पत्र्याची शेडं काढली. तरीही त्या घरांत माणसं झोपली, हे मी अण्णांच्या बाजूनं मोजते.

अण्णा : आणखी एक. त्या वेळी भूकंपाच्या नकाशात आपला भाग कुठं होता ठाऊक आहे का? झोन 1. सगळ्यात बिनधोक. 2002 मध्ये तो झोनच काढून टाकला आणि आपल्याला झोन 3 मध्ये घातलं. ज्यांनी तो नकाशा काढला तीही तुझ्यासारखी शिकलेलीच माणसं होती. मग तुझ्या पुस्तकावर मी का विसंबू?

ताई : विसंबू नका. पण मग स्लॅबच्या पुस्तकावर तरी का विसंबता? 2001 साली भुजचा भूकंप झाला. अहमदाबाद तिथून दोनशे किलोमीटरहून लांब. तरी तिथे कॉलम-बीमच्या कितीतरी नव्या इमारती कोसळल्या. तेही सिमेंटच होतं, सळईच होती. आपल्या गावात स्लॅब पडतो तेव्हा कॉलमच्या रिंगा किती अंतरावर बांधल्या, त्यांचे हूक आत वाकवले की नाही, कोण बघतं? स्लॅबला पुढे पंधरा दिवस पाणी मारायला टँकर आणतं का कुणी?

अण्णा : नाही बघत कुणी, मान्य. पण फरक आहे, पोरी. कॉलम माझ्या डोळ्यांदेखत उभा राहतो. सळई किती घातली ते मला मोजता येतं, चुकलं तर मिस्त्रीला धरता येतं. या भिंतीच्या पोटात काय आहे, ते बांधणाऱ्यासोबत गेलं. जे दिसत नाही त्याची दुरुस्ती तू कशी करणार?

ताईला यावर लगेच उत्तर देता आलं नाही. मला वाटतं, जुन्या घराच्या बाजूनं बोलणाऱ्या सगळ्यांनाच हा प्रश्न विचारायला हवा. जुनं म्हणजे भक्कम, पूर्वीची माणसं हुशार, असं म्हणून भिंतीच्या पोटात काय आहे ते कळत नाही. भिंत उघडावीच लागते.

ताई : तुमचं बरोबर आहे. मग उघडू या. प्रत्येक भिंतीत दोन-तीन ठिकाणी दगड काढून आत बघू. खांबाचा तळ तळखड्यावर कोरडा आहे की कुजलाय, ते टोच्यानं टोचून बघू. तुळईचं जे टोक भिंतीत शिरलंय तिथे वाळवी आधी लागते, कारण तिथे वारा पोचत नाही. ते प्रत्येक टोक मोकळं करू. तुमच्यासमोर. जे सडलं असेल ते जाईल, त्याबद्दल मी भांडणार नाही. पण एक गोष्ट तुम्हीच बघितली असेल किल्लारीत. खांब-तुळयांची चौकट जिथे चांगली होती, त्या घरांचं काय झालं?

अण्णा : (बऱ्याच वेळानं) काही घरं होती तशी. चारही भिंती बाहेर पडलेल्या आणि मध्ये माळवद खांबांवर तसंच. खालची माणसं वाचली होती.

ताई : भिंतीवर टेकलेलं छप्पर भिंतीबरोबर येतं. खांबांवरचं छप्पर भिंत गेली तरी उभं राहू शकतं. आपल्या वाड्याची पुढची बाजू खांबांवर आहे, मागची भिंतीवर. एकाच वाड्यात दोन वेगळी घरं आहेत, अण्णा. तुम्ही दोन्हीला एकच शिक्षा देताय.

यानंतर गोष्ट उन्हाळ्याकडे वळली. अण्णांच्या पत्र्याच्या खोलीत एप्रिलनंतर दुपारी बसवत नाही. लातूरकडे मे महिन्यात पारा 40 च्या वर असतो. पत्रा तापतो आणि लगेच निवतो तरी. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री उशिरापर्यंत खोलीत सोडत राहतो. वाड्याच्या ढेलजेत मात्र त्याच दुपारी गार फरशीवर पडून राहता येतं. जाड भिंत आणि मातीचं छप्पर यांतून उष्णता आत यायला इतके तास लागतात की तोवर दिवस मावळतो. हे इथे कोणाला समजावून सांगायची गरज नाही. अण्णासुद्धा दुपारी ढेलजेतच आडवे होतात.

ताई : बघा, दुपारी तुम्ही स्वतः तिथंच झोपता.

अण्णा : जागा असतो मी. डोळे मिटून पडलेला असतो. तिथं मी तीस वर्षांत झोपलेलो नाही.

ताई : स्लॅब बांधलात तर एसी लागेल. वीज लागेल, बिल लागेल. लाइट गेली की परत अंगणात बाज.

अण्णा : मग अंगणात झोपू. घामानं कुणी मरत नाही.

ताई : मरतं, अण्णा. उष्माघातानं दर उन्हाळ्यात माणसं दगावतात. म्हातारी आणि रानात राबणारी आधी.

सिमेंटचा मुद्दा ताईनं काढला, तो थोडक्यात सांगते. सिमेंटची भट्टी साधारण 1450 अंशांपर्यंत तापवावी लागते, चुनखडी भाजताना तिच्यातूनही कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि जगभरच्या एकूण उत्सर्जनातला सात-आठ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे. अण्णांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “शहरात वीस-वीस मजले उठायलेत. कोरडवाहू शेतकऱ्याच्या चार खोल्यांनी जग बुडतंय व्हय?” मला अण्णांचं पटलं. जगाच्या हवेचा हिशेब ज्यांनी सगळ्यात कमी बिघडवला, त्यांच्या दारात तो आधी मागायला जाऊ नये. पण जवळचे हिशेब आहेतच. नव्या स्लॅबची वाळू नदीच्या पात्रातून येते आणि मांजरेचं, तेरणेचं पात्र खरवडलं जातं ते आपलंच. पाडलेल्या वाड्याचा काळा दगड गावाबाहेर ढीग होऊन पडतो. सागाचे खांब व्यापारी नेतो, त्यांचं शहरात हॉटेल सजतं आणि आपल्या हातात त्या पैशातून जेमतेम स्लॅबचं लोखंड येतं.

आता माझं. एवढा वेळ मी ऐकत होते, पण एक गोष्ट दोघांपैकी कोणीच बोललं नव्हतं.

मी : अण्णा, मृगाच्या आधी माळवदावर माती कोण चढवायचं?

अण्णा : घरची माणसंच.

मी : कोण घरची?

अण्णा : तुझ्या सासूबाई. माझी आई. चुलत्या. डोक्यावर पाट्या घेऊन शिडीनं वर. गडी माती खणून द्यायचे.

मी : जमीन सारवायची, भिंतीला पोतेरा द्यायचा, पावसात सवण्यावर, म्हणजे छपरातल्या उजेडाच्या भोकावर, मडकं पालथं घालायला रात्री वर चढायचं, चुलीच्या धुरानं काळे झालेले वासे दिवाळीला पुसायचे. ताई, तू ज्याला निसर्गाशी जुळवून घेतलेलं घर म्हणतेस, ते बायकांच्या पाठीवर उभं होतं. ते काम कुठल्याच हिशेबात नव्हतं, म्हणून ते घर स्वस्त वाटतं. मला या वाड्यात राहायचंय. मला ही सावली, हा चौक, हा आड हवाय. पण दर वर्षी पाट्या वाहायला मी तयार नाही आणि माझ्या मुलीलाही लावणार नाही.

ताई गप्प झाली. मग तिनं जे सांगितलं ते तिनं आधीच सांगायला हवं होतं, असं मला वाटतं.

ताई : वहिनी, माळवद जसंच्या तसं ठेवायचं असं माझं म्हणणंच नाही. लोक दर वर्षी माती का टाकायचे? पाणी अडवायला मातीशिवाय दुसरं काही नव्हतं म्हणून. आता आहे. पुढच्या सोप्याची सगळी माती उतरवायची, किलच तपासायचा, बदलायचा तिथे बदलायचा, त्यावर पाणी न झिरपणारा जाड कागद अंथरायचा. वर फक्त चार-पाच इंच माती, उष्णता अडवायला, आणि तिच्यावर चुना व विटांच्या चुऱ्याचा पातळ कोबा, नीट उतार देऊन. वजन पावाच्या आसपास येईल. दर वर्षी वर चढायचं ते फक्त झाडायला आणि चिरा बघायला. खाली शहाबादी फरशी घाल. सारवणाची सक्ती घराला नसते.

मी : आणि सवणं?

ताई : त्यावर काच. उजेड येईल, मडकं लागणार नाही.

उजेडाचा प्रश्न खरा मोठा आहे. माळवदाच्या घरात दिवसासुद्धा अंधार असतो, विंचू असतात. भिंतीत नवी खिडकी पाडली तर भिंत कमजोर होते, तेव्हा चौकाच्या बाजूनं, जिथे छप्पर खांबांवर आहे तिथेच मोठी झडप काढायची, असं ठरत गेलं. संडास-न्हाणी दगडमातीच्या भिंतीला चिकटून करायची नाही. सतत ओल राहिली की मातीचा सांधा विरघळतो. ती चौकापलीकडे वेगळी, विटांची. सौर पॅनेल वाड्यावर चढवायचे नाहीत, अण्णांच्या पत्र्याच्या खोल्यांवर लोखंडी सांगाडा उभा करून बसवायचे. घरगुती सौर योजनेत तीन किलोवॅटला 78 हजारांपर्यंत अनुदान मिळतं. याबद्दल कोणाचं भांडण नव्हतं. पाण्यावरून मात्र परत जुंपली.

ताई : हजार चौरस फुटांचं छप्पर धरा. वर्षाचा पाऊस 700 मिलिमीटर. गळती-बाष्प वजा जाता पन्नास हजार लिटर पाणी हाताशी येतं. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, तिच्यात पाच लाख लिटर होतं. अशी दहा घरं म्हणजे एक रेल्वे.

अण्णा : रेल्वे आली तेव्हा आदल्या साली पाऊस कुठं पडला होता पुरता? ज्या वर्षी पाण्याची गरज असते त्याच वर्षी तुझं छप्पर कोरडं. आणि मातीच्या माळवदाचं पाणी गढूळ, ते कुणी प्यावं?

ताई : माती उघडी राहणार नाही म्हणते ना. वर कोबा असेल. आणि निम्मा पाऊस पडला तरी पंचवीस हजार लिटर होतात. ते आडात सोडायचं. आपला आड कधीपासून आटलाय?

अण्णा : भोवतीनं बोअर पडायला लागल्यापासून.

ताई : मग एकट्या वाड्यानं तो भरणार नाही, हेही खरं. पाणी मुरेल, ते शेजाऱ्याचा बोअर उपसेल.

अण्णा : उपसू दे. पाणी कुणाचं का असेना, जमिनीत गेलं पाहिजे.

अण्णांचं हे वाक्य मला त्या सगळ्या बोलण्यात फार मोलाचं वाटलं. ज्याला आम्ही वाडा पाडायला निघालेला माणूस समजत होतो, तो घरापलीकडचं बघत होता. त्यांचं भांडण जुन्याशी नव्हतंच. छपराखाली माणूस जिवंत राहील याची हमी कोण देतो, एवढाच त्यांचा प्रश्न होता, आणि मला वाटतं पर्यावरणाचं नाव घेऊन जुनं घर राखायला निघालेल्या कोणालाही या प्रश्नाला वळसा घालून पुढे जाता येणार नाही. ज्या घरात भीतीनं झोप येत नाही ते कितीही गार असलं, कितीही कमी सिमेंटचं असलं, तरी ते राहतं घर होत नाही. त्याचं गोदाम होतं, आणि गोदामाची डागडुजी कोणी करत नाही. तीस वर्षं आमचा वाडा असाच कुजत आला. म्हणून आधी सुरक्षितता, तीही दिसेल अशी, आणि मग बाकी सगळं. हा क्रम उलटा केला तर वाडाही जातो आणि त्यात राहणारा माणूसही दुरावतो.

माझं मत मी दोघांना सांगितलं. मागचा सोपा उतरवायचा. जेसीबीनं ढकलायचा नाही, वरून खाली हातानं उतरवायचा. त्याचा दगड नव्या खोल्यांच्या जोत्याला आणि अंगणाच्या फरसाला येईल. तिथे झोपायच्या दोन खोल्या, दीड फुटांच्या नव्या भिंती, आरपार दगड घातलेल्या, तीन ठिकाणी काँक्रीटचे आडवे पट्टे, वर हलकं छप्पर. त्यात सिमेंट लागेल आणि ते लागू द्यावं. पुढचा सोपा आणि ढेलज सागाच्या चौकटीसह राखायची, वजन उतरवून, तिरके आधार देऊन. दिवसा वावर तिकडे. लेकरं झोपणार नव्या खोल्यांत, निदान पहिली काही वर्षं.

ताईला मागचा सोपा जातोय याचं वाईट वाटलं. बळद त्याच भिंतीत आहे. तिनं त्याची मापं घेतली, चित्र काढलं आणि विषय सोडला. अण्णा कबूल झाले असं म्हणता येत नाही. त्यांनी अटी घातल्या. भिंती आधी उघडायच्या. आत कुठंही पोकळी सापडली तर ती भिंत खिडकीच्या उंचीपर्यंत खाली घ्यायची आणि पुन्हा रचायची, त्यावर वाद नको. लाकडाच्या टोकांना बिब्ब्याचं तेल लावायचं, ते स्वतः उभं राहून लावून घेणार. आणि ते स्वतः झोपणार पत्र्याच्या खोलीतच.

अण्णा : माती किती निघेल म्हणालीस?

ताई : सगळी मिळून पंचवीस-तीस ब्रास.

अण्णा : टाकणार कुठं?

ताई : तुम्हीच सांगा.

अण्णा : गावठाणाची पांढरी आहे ती. रानात खतासारखी चालते. वरच्या हलक्या रानात पसरू. दिवाळी झाली की काढा, तोवर सोयाबीन निघालेलं असतं, माणसं मिळतात. पण एका अंगाची सगळी काढून दुसरं अंग तसंच ठेवायचं नाही.

ताई : नाही, दोन्ही अंगांनी सारखी, थराथरानं. नाहीतर चौकट कलते.

अण्णा : आणि वर एका वेळी चौघांच्या वर कुणी चढायचं नाही. काम चालू असताना खाली सोप्यात एकही माणूस नको. पाणी द्यायलासुद्धा कुणी आत जायचं नाही. मी दारात बसतो.